सातावर अडलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. मला पाणीपट्टी म्हणू नका. ती दारात आली की तुमच्या घरची मोठी माणसं कपाळाला हात लावतात. मी नदीवरच्या पुलाच्या मधल्या खांबाला चार बोल्टांनी जखडलेली लोखंडी पट्टी आहे, उंचीला माणसाच्या खांद्याएवढी. अंगावर पांढरा मुलामा आणि त्यावर शून्यापासून वीसपर्यंत काळे आकडे. एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत चार बोटांचं अंतर. पाणी ज्या आकड्याला टेकलं असेल तो आकडा दाखवायचा, एवढंच माझं काम.

माझा स्वभाव मुळातच चुळबुळा. खांबाला जखडलेल्या वस्तूनं चुळबुळ करायची तरी कशी, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या अंगावरून पाणी सारखं वर-खाली होत असतं. सकाळी सहावर, दुपारी सहाच्या जरा खाली, वर कुठे ढग फुटला की एकदम अकरावर. मला स्वस्थ बसणं माहीतच नाही. म्हणून तर पुढे जे घडलं ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. कळून उपयोग काय, मला तोंड कुठे होतं!

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भट्टी होती आणि आकडे काढणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला असायचा. त्या जीभ दाताखाली धरून एकेक आकडा हातानं काढत. माझा तीन काढताना त्यांना शिंक आली आणि तीनला शेपूट फुटलं. बाईंनी पुसायला फडकं उचललं, पण कारखानदार म्हणाला, राहू द्या, तीन तर कायम पाण्याखालीच असणार. तो आकडा तसाच भट्टीतून भाजून निघाला. मला त्या शेपटाची फार लाज वाटायची.

मला पुलावर आणलं ते भांडण मिटवायला. पुलाच्या वरच्या अंगाला एक पाट निघतो. पाट म्हणजे नदीचं पाणी शेतांकडे नेणारा कालवा. त्याच्या तोंडाशी लोखंडी दार आहे. दार उचललं की पाणी वरच्या लोकांच्या फळबागांकडे वळतं. जे उरतं ते पुलाखालून खालच्या गावाला जातं. तिथे शाळा, दवाखाना, घरोघरचे नळ आणि कपडे धुणाऱ्यांची आख्खी गल्ली. वरचे म्हणायचे, झाडं काय हवेवर जगतील? खालचे म्हणायचे, आणि आम्ही? नदी एक, तोंडं दोन. दोन्ही तोंडं मोठी.

शेवटी दोन्हीकडची माणसं एका इंजिनिअरला मध्ये घेऊन पुलावर तीन दिवस बसली. ठरलं ते असं. माझ्यावर पाणी सात किंवा त्याच्या वर असेल तर पाटाचं दार उघडं. सातच्या खाली गेलं की दार बंद. सात म्हणजे गुडघाभर पाणी. आता सातच का, असं मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी सातावर होतं आणि सगळे बोलून बोलून दमले होते.

माझ्याकडे लक्ष ठेवायला एक बाई नेमल्या. त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. पुलाच्या टोकाला त्यांची एक खोली होती. तीत एक टेबल, एक स्टोव्ह, खिळ्याला रेनकोट आणि भिंतीला टेकवलेल्या दोन फळ्या, एक पांढरी, एक लाल. रोज सकाळी मोजणीबाई वाकून मला वाचायच्या. पाणी सात किंवा वर असेल तर कठड्याला पांढरी फळी, खाली असेल तर लाल. पाटाच्या दाराशी त्यांचा थोरला भाऊ नोकरीला होता. तो पाटकरी, म्हणजे दाराची उघडझाप करणारा; त्याची स्वतःचीही फळबाग होती. सगळे त्याला दादाच म्हणत. फळी बघून तो दार उचलायचा किंवा पाडायचा. मोजणीबाईंची एकुलती एक लेक खालच्या गावात दिली होती. माहेर वर, लेकीचं सासर खाली, आणि ही बाई मध्ये पुलावर. नेमताना सगळे म्हणाले, हिच्याइतकं निःपक्षपाती माणूस मिळायचं नाही. पुढे तेच लोक त्याच कारणानं तिच्याकडे बोट दाखवणार होते.

पहिली काही वर्षं माझा फार मान होता. पोरं पुलावरून वाकून माझा आकडा ओरडायची. मोजणीबाई दर आठवड्याला ब्रशनं माझ्यावरचं शेवाळ काढायच्या. पाणी बऱ्याचदा आठ-नऊवर असायचं, आणि पाणी भरपूर असलं की माणसंही शहाणी असतात. मग वर बागा वाढल्या, खाली घरं वाढली. पाणी साताच्या आसपास घुटमळू लागलं. शेवाळ तसंच राहू लागलं, आणि ब्रशाऐवजी माझ्यावर संशयी नजरा फिरू लागल्या.

संशयाची सुरुवात खालच्यांनी केली. पुलावरून वाचलेला आकडा कशावरून खरा, आम्ही जवळून बघणार, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या पुढारी होत्या मोजणीबाईंच्या विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई. त्यांची लाँड्री होती आणि जीभ इस्त्रीसारखी गरम. पाय भिजू नयेत म्हणून त्यांनी त्यांच्या काठापासून माझ्या खांबापर्यंत, माझ्या जरा खालच्या अंगाला, मोठमोठे दगड मांडून घेतले. रोज त्यांचं एक माणूस दगडांवरून चालत येऊन माझ्या आकड्यांशी डोळे भिडवायचं. वरच्यांना ते झोंबलं. खालचा माणूस पट्टीशी काही उद्योग करत असला तर? म्हणून पलीकडच्या काठापासून त्यांनीही दगड मांडले आणि आपला एक माणूस उभा केला. असा एक मला बघायला आणि दुसरा त्या पहिल्याला बघायला.

मित्रांनो, आता नीट ऐका. दोन्हीकडचे दगड माझ्या खांबाशी येऊन मिळाले. उभं राहायला कोरडी जागा हवी म्हणून दगड गुडघ्याएवढे उंच होते, म्हणजे बरोबर सातापर्यंत. हळूहळू त्यांच्या फटींत पाला अडकला, मग गाळ बसला. चोर पकडायचा म्हणून मला बघायला आलेल्या माणसांनी माझ्याच पायाशी बांध घातला. आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. इथे तर धोंडे दोन्ही काठांवरून आणले होते.

त्या दिवसापासून माझा जीव कासावीस झाला. पाणी सातावर येऊन थांबलं. सकाळी सात, दुपारी सात, दुसऱ्या दिवशी सात. अंगावरची सळसळ बंद झाली. वर दादा दार पूर्ण उचलत होता, पाट दुथडी वाहत होता, दगडांवरून पलीकडे जेमतेम करंगळीएवढी धार पडत होती, आणि मी आपली सात दाखवत उभी. मी खोटं बोलत नव्हते, पाणी खरोखरच साताला टेकलेलं होतं. तरी मला रोज चोरट्यासारखं वाटायचं. कुणीतरी मला हलवावं, उपटावं, निदान एक लाथ तरी मारावी, असं होऊन गेलं होतं.

खालच्या गावात नळ कोरडे पडले. दवाखान्यात पाणी टाकीतून मोजून देऊ लागले. विहीणबाई एका सकाळी तरातरा दगडांवरून आल्या, माझ्याकडे बघितलं, मग मान वर करून पुलावर उभ्या असलेल्या मोजणीबाईंकडे बघितलं.

"विहीणबाई, तुमचा आकडा सात, आणि आमच्या नळाला नुसती हवा. एकतर पट्टी खोटी, नाहीतर तुम्ही."

मोजणीबाईंनी आकडा खरा वाचला होता. पण त्या दिवसापासून लेक आईकडे यायची बंद झाली. मोजणीबाईंची जेवणावरची वासना उडाली. खोलीतून पुलावर, पुलावरून खोलीत, अशा त्या दिवसभर येरझाऱ्या घालायच्या. माझी चुळबुळ त्यांना लागली असावी.

एका दुपारी त्या कठड्याशी उभ्या राहून कांदा सोलत होत्या. एक साल हातातून सुटली आणि खाली पाण्यावर पडली. एरवी एक ते पाच मोजेपर्यंत अशी साल पुलाच्या पलीकडे जायची. ही साल माझ्यापाशी आली, एक गिरकी घेतली आणि तिथेच थांबली. मोजणीबाईंनी दुसरी टाकली. तीही थांबली. त्यांनी कांदा कठड्यावर ठेवला, कपडे गुडघ्यापर्यंत खोचले आणि पाण्यात उतरल्या. दगडांच्या फटींत हात घालून त्यांनी गाळ चाचपला. सडलेला पाला हाताला लागला, कुणाची तरी हरवलेली चप्पल लागली. मग दगडांपलीकडे वाकून त्यांनी ती करंगळीएवढी धार बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

मला वाटलं, सुटले बाई एकदाची. आता त्या हाका मारतील, माणसं येतील, दगड निघतील. पण तेवढ्यात दादा चहाला आला. खुर्चीत बसून तो फळांबद्दलच बोलत राहिला. यंदा फांद्या वाकल्या आहेत, टेकू द्यावे लागले, इतकं पीक बाबांच्या काळातही आलं नव्हतं. निघताना तो म्हणाला, "अजून दहा दिवस पाणी मिळालं की फळ उतरवतो. तुझी ती पांढरी फळी बघितली की माझ्या जिवात जीव येतो बघ."

मोजणीबाई गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशीही त्यांनी पांढरी फळी लावली आणि तिसऱ्या दिवशीही. खरं सांगते, मला त्यांचा राग आला. मला तोंड नाही म्हणून मी गप्प. त्यांना तर होतं. पण त्या फळी लावताना डोळे मिटून घ्यायच्या, ते बघून रागही धड येईना. भावाची बाग एका हाताला आणि लेकीचं घर दुसऱ्या हाताला धरून उभ्या माणसानं कुठला हात सोडावा?

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. पुलावर नव्हे, खाली दगडांवर. खालचे लोक आता डबे घेऊन चढ चढून इथवर येऊ लागले होते, कारण पाणी म्हणून जे होतं ते माझ्या पायाशीच साचलेलं होतं. लेकीनं दोन डबे भरले. लाँड्रीतल्या कामानं आणि ओझ्यानं तिच्या बोटांची साल निघाली होती. निघता निघता ती थांबली आणि वर न बघताच म्हणाली, "आई, पाणी इथे आहे, मग खाली का नाही?"

एवढं बोलून ती डबे उचलून चालू लागली. मोजणीबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी कठड्यावरची पांढरी फळी काढली. मला वाटलं लाल लावतील, पण आकडा सात असताना लाल लावायला त्यांना करार अडवत होता. त्यांनी दोन्ही फळ्या खोलीत ठेवल्या आणि दाराला कडी लावून बाहेर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत कठडा कधी मोकळा राहिला नव्हता.

मग काय विचारता! अर्ध्या तासात वरचेही आले आणि खालचेही आले. दादा धापा टाकत आला, विहीणबाई हातातलं काम टाकून आल्या. वरचे त्यांच्या दगडांवर, खालचे त्यांच्या दगडांवर, मध्ये मी. मोजणीबाई पाण्यात उतरल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की पाणी या दगडांनी अडलं आहे, दगड काढा आणि मग पट्टी बघा.

कुणी हलेना. खालचे म्हणाले, आधी त्यांचे काढा. वरचे म्हणाले, आधी यांचे. आपण दगड काढले आणि समोरच्यानं नाही काढले तर? सगळे ज्या दगडांवर उभे होते तेच काढायचे होते, ही त्यातली आणखी एक गंमत. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

दादा मात्र भांडत नव्हता. तो बहिणीकडे बघत होता. लहानपणापासून तो तिचा चेहरा वाचत आला होता.

"तुला हे केव्हा कळलं?" त्यानं विचारलं.

"परवा."

"मग परवाच का नाही बोललीस?"

"तुझी फळं झाडावर होती, दादा."

हे सगळ्यांसमोर बोलायची काही गरज नव्हती. कांद्याची साल कुणी बघितली नव्हती. आजच कळलं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या बोलल्या आणि मान खाली न घालता विहीणबाईंसमोर उभ्या राहिल्या. विहीणबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं.

"दोन दिवस लपवलंत, ते माझ्या लक्षात राहील," त्या म्हणाल्या. "आज सांगितलंत, तेही राहील."

मग दादा खाली उतरला. त्यानं माझ्या खांबाला टेकलेला आपल्या बाजूचा दगड दोन्ही हातांनी हलवला आणि उपटून काठाकडे लोटला. समोरून विहीणबाईंनी चपला हातात घेतल्या, पाण्यात पाय टाकला आणि आपल्या माणसांना म्हणाल्या, बघताय काय, लावा हात. एक दगड इकडचा, एक तिकडचा. गाळ सुटला, पाणी गढूळ झालं, आणि किती दिवसांनी माझ्या अंगावरून पुन्हा सळसळ सुरू झाली.

पाणी उतरू लागलं. सात सुटला, सहा सुटला, पाच, चार. माणसं डोळे विस्फारून बघत होती. मग शेवाळातून तीन वर आला, आपल्या शेपटासकट. मला वाटलं आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही. पाणी तीनच्या खाली दोन रेघा जाऊन थांबलं. खालच्या गावाला इतके दिवस किती पाणी मिळत होतं ते आता सगळ्यांना दिसलं, आणि वरच्यांनाही मान्य करावं लागलं.

तुम्हाला वाटेल, संपलं भांडण. खरं भांडण दुसऱ्या दिवशी सुरू झालं. करारानुसार दादानं दार पाडलं होतं. पाटात पाण्याचा थेंब जात नव्हता, सगळी नदी पुलाखालून वाहत होती. आणि तरी मी दाखवत होते पाच. सात नाहीच. म्हणजे करार केला तेव्हाची नदी आता उरलीच नव्हती. आकड्यावर बोट ठेवून चाललं तर ते दार आता उघडलंच नसतं आणि दादाची बाग उभी वाळली असती.

मोजणीबाईंच्या त्या एका खोलीत मग दोन्हीकडचे तीन-तीन लोक बसले. खिडकी माझ्या बाजूलाच आहे, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. खालचे म्हणाले, कराराप्रमाणे पाचही आमचेच. त्यांचं चूक नव्हतं. दादानं दहा दिवस मागितले. विहीणबाई म्हणाल्या, तुमचे दहा दिवस तर तुम्ही आधीच पिऊन बसलात. तेही चूक नव्हतं. कुणीतरी मला उपटून नवी पट्टी लावायची सूचना केली. दोन-चार जणांनी माना डोलावल्या आणि माझ्या बोल्टांत धडकी भरली. तेव्हा मोजणीबाई म्हणाल्या, "पट्टी बदलून नदी वाढणार आहे का?"

मग दादानं हातातला कप खाली ठेवला. आपल्या बागेतली अर्धी झाडं म्हातारी आहेत, ती मी सोडतो, असं तो म्हणाला. उरलेल्या अर्ध्यांना तीन दिवसांतून एक दिवस पाणी द्या. सोडतो हा शब्द त्याच्या तोंडून निघायला वेळ लागला. आम्ही कपडे दोनदा खळबळतो, ते एकदाच खळबळू, असं विहीणबाई आपल्या माणसांकडे बघून म्हणाल्या. आणि दादाकडे वळल्या, "पण दार उचलायचा दांडा माझ्या घरी राहील. तुमचा दिवस असेल तेव्हा येऊन घेऊन जायचा." दादानं मान हलवली.

असं घासाघीस करून संध्याकाळपर्यंत ठरलं. फळ उतरलं की दार बंद. पुढच्या हंगामात सात हा आकडा आंधळेपणानं धरायचा नाही, दर महिन्याला नदी बघून पुन्हा बसायचं. आणि दगड पुन्हा मांडायचे नाहीत. मला वाचायचं तर दोन्हीकडचं एकेक माणूस सकाळी पाण्यात उतरेल, दोघंही एकच आकडा म्हणतील, तोच खरा.

वरून दादा येऊ लागला. खालून विहीणबाईंनी सुनेला पाठवलं. मामा आणि भाची रोज सकाळी गार पाण्यात माझ्यासमोर उभे राहतात, आकडा वाचतात आणि मग मोजणीबाईंच्या खोलीत चहा पितात. मोजणीबाईंच्या हातचा चहा मात्र लेक पहिले आठ दिवस मुकाट्यानंच प्यायली. नवव्या दिवशी म्हणाली, साखर कमी आहे. त्या दिवशी मोजणीबाईंनी ब्रश घेऊन माझं सगळं शेवाळ काढलं.

दादाची म्हातारी झाडं वाळली. पुलावरून दिसतात ती. येता-जाता तो तिकडे बघत नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता तरी ही पट्टी स्वस्थ बसत असेल. नाही हो. आज सकाळी मामा-भाचीनं वाचलेला आकडा साडेचार होता. मागच्या महिन्यात पाच होता. खोलीत पुन्हा बैठक बसली आहे, आवाज चढलेले मला ऐकू येताहेत, आणि मी मनातल्या मनात चुळबुळतेच आहे. मला पुसा, माझे बोल्ट घट्ट करा, माझ्यावर दगड मारू नका, हे सगळं मला तुम्हाला सांगायचंच आहे. पण माझ्याकडे बघताना माझ्या पायाशीही बघत जा. आकडा खरा असूनही पाणी अडलेलं असू शकतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. माझ्यावर शून्याच्या खाली काहीच लिहिलेलं नाही. पाणी तिथे गेलं की मला काही सांगता येणार नाही. एकमेकांशी जे काय बोलायचं असेल ते त्याच्या आधी बोलून घ्या.